मंदारचं औक्षण

तिसऱ्यांदा बेल वाजवली आणि तरीही हसबनिसांचं दार उघडेना, तेव्हा मी हातातलं तबक सांभाळत त्यांच्या उंबऱ्याबाहेर बसले. तबकात निरांजन, हळदकुंकू, अक्षता आणि साखरेची वाटी होती. निरांजन घरून लावूनच निघाले होते, ते विझू नये म्हणून पदर आडवा धरला.

आत माणसं होती. पंखा फिरत होता आणि कुणीतरी हिंदीत बोलत होतं.

“इंदूताई,” दारामागून शैलजाचा आवाज आला, “आज नको. आज जा तुम्ही.”

मला बोलता येत नव्हतं.

चातुर्मासातला हा नेम मला सासूबाईंकडून आला. आषाढी एकादशीला एक सवाष्ण ठरवायची, आणि कार्तिकीपर्यंत रोज दुपारी तिला हळदकुंकू लावून, हातावर साखर ठेवून मगच आपण जेवायचं. सकाळच्या आंघोळीपासून तिने साखर तोंडात टाकेपर्यंत मौन. सवाष्ण मध्येच बदलायची नाही. ती परगावी गेली, तर तिच्या नावाने तुळशीला साखर ठेवायची. पण ती घरात आहे आणि नको म्हणते आहे, अशी सोय सासूबाईंनी ठेवलेली नव्हती. त्या वर्षीची माझी सवाष्ण शैलजा. मिरजेतल्या आमच्या तीन मजली अपार्टमेंटमध्ये दुसऱ्या मजल्यावर आमची दारं समोरासमोर. रोज जिना चढायला नको, एवढंच पाहून मी तिला निवडलं होतं.

मी वाटीवर चमचा हलकेच वाजवला, म्हणजे मी अजून इथेच आहे हे तिला कळावं.

“इंदूताई, मला बरं नाही हो. जा ना.”

मी पुन्हा चमचा वाजवला.

“कौन है बाहर?” आतला हिंदी आवाज.

“पड़ोसन है, साब. पूजावाली.” हा आवाज हसबनीस साहेबांचा होता, पण मी तो आधी ओळखलाच नाही. साहेब पाटबंधारे खात्यातून कार्यकारी अभियंता म्हणून निवृत्त झाले होते आणि आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी होते. त्यांना कुणाला ‘साब’ म्हणताना मी कधी ऐकलं नव्हतं.

“जाती क्यों नहीं?”

“जाएगी नहीं, साब. उसका उपवास है.”

मग तो म्हणाला, “दरवाज़े पे बैठी रहेगी तो सबको शक होगा. जो करना है करवाओ और भेजो.”

दार उघडलं. शैलजाचे डोळे सुजले होते. साहेब सोफ्यावर ताठ बसले होते, इस्त्रीचा शर्ट घालून, शाळेत वर्गाबाहेर काढलेला मुलगा बसतो तसे. समोर टीपॉयवर फुलदाणीला टेकवून मोबाइल उभा केला होता आणि त्यात पोलिसाच्या गणवेशातला एक तरुण दिसत होता. डोक्यावर टोपी, मागे झेंडा.

मला एकदम उलगडा झाला. शैलजाचा भाचा मंदार परीक्षा पास होऊन ट्रेनिंगसाठी उत्तरेत कुठेतरी गेला होता. लहानपणी दर मे महिन्यात तो मिरजेला यायचा आणि माझ्याकडे साटोरी खायचा. भाचा अधिकारी झाला, मावशीला व्हिडिओवर गणवेश दाखवतोय, मावशी आनंदाने रडतेय. आणि तिकडे राहून पोर हिंदी बोलायला लागलंय. दुसरं काय असणार?

शैलजाला मी हळद लावली, कुंकू लावलं. साखर देणार, तेवढ्यात मनात आलं, पोराला एवढं यश मिळालं आणि मी नुसती निघून जाऊ? मी मोबाइलसमोर बसले आणि त्याला ओवाळायला घेतलं.

“ये क्या कर रही है?” तो म्हणाला.

मी हसून मान हलवली. मौन आहे हे त्याला माहीत नसणार. निरांजन तीनदा ओवाळलं. मग बोट हळदीत बुडवलं, कुंकवात बुडवलं. त्याचं कपाळ टोपीखाली होतं. टोपीवर कुंकू लावणं बरं दिसत नाही, म्हणून टोपीच्या जरा वर, काचेच्या अगदी कडेला लावलं. मोबाइलचा डोळा तिथेच असतो हे मला नंतर कळलं. वरून अक्षता टाकल्या.

“अरे! अंधेरा क्यों हो गया? कॅमेरा साफ करो!”

आणि तेव्हाच त्याच्या मागे कुणीतरी फसकन हसलं. मग आणखी एक जण हसला. लांबून कुणीतरी ओरडलं, “अबे, तेरेको टीका लगा दिया बुढ़िया ने!” आणि गणवेशातला तोही हसायला लागला. हसता हसता तो वाकला, तोंड दिसेना, पण पोट धरून हसणं ऐकू येत होतं.

साहेब ते ऐकत राहिले. त्यांचा चेहरा आधी लाल झाला आणि मग राखेसारखा. त्यांनी हात पुढे करून मोबाइल बंद केला, पालथा ठेवला आणि त्यावर उशी ठेवली.

शैलजाने हात पुढे केला. मी साखर दिली. तिने ती तोंडात टाकली, आणि माझं मौन सुटलं.

“मंदार किती बारीक झालाय गं,” मी म्हणाले.

शैलजा माझ्याकडे बघत राहिली. मग ती हसायला लागली आणि हसता हसता खाली बसून रडायला लागली. “इंदूताई, तो मंदार नव्हता हो.”

मग मला सगळं कळलं. साहेबांच्या नावाने परदेशात पार्सल गेलंय, त्यात अमली पदार्थ सापडलेत, असा फोन आला होता. तपास गुप्त आहे, तुम्ही घरातच अटकेत आहात, मोबाइलसमोरून उठायचं नाही, कुणाला सांगितलंत तर तेही आरोपी. आदल्या दिवशीपासून दोघं असेच बसून होते. एक ठेव मोडून ‘तपासणीसाठी’ पाठवून झाली होती. उरलेल्या ठेवी त्या दुपारी जायच्या होत्या.

“पोलिसांत जाऊ या,” मी म्हणाले. “खऱ्या.”

“मी जाऊ?” साहेब म्हणाले. “वहिनी, जिन्याखाली फळ्यावर ती सूचना कुणी लावलीय?”

ती त्यांनीच लावली होती. ‘ऑनलाइन चोरांपासून सावध राहा. फसणारा हा अर्धा गुन्हेगार असतो.’ खाली सही, सेक्रेटरी. मागच्या सभेत याच विषयावर त्यांनी आम्हाला इतकं ऐकवलं होतं, की चहा गार झाला होता.

“आपला मुलगा असा फसला असता तर?” शैलजा म्हणाली. “त्याला नसतं पाठवलं पोलिसांत?”

“मला मुलगा नाही, आणि मला अक्कल होती,” साहेब म्हणाले. “निदान लोकांना तसं वाटतंय. तेवढं राहू दे.” मग माझ्याकडे वळले. “वहिनी, तुम्ही नेमाच्या बाई. शब्द द्या. माझं नाव तुमच्या तोंडून बाहेर पडणार नाही.”

तबकातलं निरांजन अजून जळत होतं. मी त्यावर हात धरून शब्द दिला.

घरी आमचे हे ताटावर बसून वाट बघत होते. एस.टी.त वाहतूक नियंत्रक होते, वेळ चुकली की अजून बेचैन होतात.

“आज एवढा उशीर?”

“झाला खरा,” मी म्हणाले आणि आमटी वाढली.

पुढे काही दिवसांनी संध्याकाळी आम्ही सगळे खाली बाकावर बसलो होतो. पेपरात सांगलीच्या कुणा प्राध्यापकाची बातमी होती. असाच फोन, असेच पैसे गेले.

“शिकलेली माणसं अशी कशी फसतात हो?” आमच्या ह्यांनी पेपर झटकला. “आपलं बरंय. आपल्याकडे आहेच काय न्यायला?”

“माझ्याकडून कुणी नेऊन दाखवावं,” तळमजल्याच्या रणभिसे सिस्टर म्हणाल्या. सिस्टर मिशनच्या दवाखान्यातून निवृत्त झालेल्या. लग्न केलं नाही, एकट्याच राहत, सोबतीला जेनी नावाची मांजर. “अख्खा वॉर्ड चालवलाय मी. माझा आवाज आला की डॉक्टर सिगारेट विझवायचे. असल्या भामट्याला फोनवरच एनिमा देईन.”

सगळे हसले. “काय साहेब?” सिस्टर म्हणाल्या. “आज भाषण नाही?”

“घसा बसलाय,” साहेब म्हणाले.

शैलजा चपलेच्या टोकाने फरशीवर काहीतरी पुसत होती. तिथे पुसण्यासारखं काही नव्हतं.

विषय बदलावा म्हणून मी ह्यांना म्हटलं, “यंदा दत्तजयंतीला गाणगापूरला जायचं ना? दोन वर्षं राहिलंय.”

“बघू,” हे म्हणाले. “माझे गुडघे कुठे चालतात?”

गाणगापूरचं माझं बोललेलं होतं. त्यासाठी पैसे बाजूला टाकलेलेही होते, बँकेचं सगळं हेच बघत. पण गुडघ्यांपुढे कुणाचं चालतं? महाराज बोलावतील तेव्हा जायचं, असं म्हणून मी गप्प बसत असे.

गणपती उठल्यावर एका संध्याकाळी मी फुलं आणायला खाली उतरले, तर जेनी सिस्टरच्या बंद दाराबाहेर ओरडत होती. पायपुसणं खरवडून तिने सुतं काढली होती. दाराच्या कडीला दुधाची पिशवी सकाळपासून तशीच लटकत होती. सिस्टर स्वतः जेवायच्या विसरतील, पण जेनीला बाहेर ठेवणार नाहीत.

मी दार वाजवलं. “सिस्टर, मी गुळवणी.”

“गुळवणीबाई?” आतून अगदी हळू, अगदी नम्र आवाज. सिस्टरचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. “आज नको. आज जा तुम्ही.”

माझ्या अंगावर काटा आला. शैलजाचेच शब्द.

मी दाराच्या फटीशी तोंड नेलं. “सिस्टर, ते खोटे आहेत. पोलीस असं करत नाहीत.”

“तुम्हाला काय कळतं त्यातलं?” त्या कुजबुजल्या. “माझ्या आधार कार्डावर कुणाचं तरी मूल विकलंय म्हणतात. मूल! माझ्या हातून किती बाळं जगात आली, आणि मी मूल विकीन? कागद दाखवले मला, शिक्क्याचे. उद्या दुपारी बँकेत जायचंय, की माझं नाव धुऊन निघेल. तुम्ही पूजा करा, बाई. यात पडलात तर तुम्हालाही ओढतील.”

“मी पोलिसांना बोलावते.”

“नका! इथले पोलीस त्या टोळीला सामील आहेत, फोनवरच्या साहेबांनी सांगितलंय. ते आले तर मी दार उघडणार नाही. काय वाटेल ते करीन, पण बेड्या घालून या जिन्यावरून जाणार नाही.”

मी वर आले. ह्यांना सांगितलं. ह्यांनी पेपर आणखी वर धरला. “असेल तिची काही अडचण. आपण कशाला कुणाच्या घरात शिरायचं?”

“त्यांना फसवताहेत हो.”

“तुला कसं कळलं?”

ते मला सांगता येत नव्हतं. मी समोरचं दार वाजवलं आणि साहेबांना सगळं सांगितलं. “माझं त्यांना पटत नाही. तुमचं पटेल.”

साहेब बराच वेळ दाराला धरून उभे राहिले. “वहिनी, तुम्ही शब्द दिलाय,” ते म्हणाले आणि दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी मी आंघोळ केली आणि मौन धरलं. दुपारी तबक घेऊन निघाले. शैलजाने लगेच दार उघडलं, कपाळ पुढे केलं.

मी कुंकू लावलं नाही. उंबऱ्याबाहेर बसले आणि तबक मांडीवर घेतलं.

“इंदूताई?”

मी जिन्याकडे बोट दाखवलं. खालून जेनीचं ओरडणं येत होतं.

साहेब बाहेर आले. “काय झालं? लावा ना कुंकू. तुमच्या जेवणाचा खोळंबा होतोय.”

मी पुन्हा जिन्याकडे बोट दाखवलं.

साहेबांना समजायला वेळ लागला. “वहिनी,” ते म्हणाले, “तुम्ही माझ्यावर उपास करताय?”

दिलेला शब्द मी मोडला नव्हता, आणि मोडणारही नव्हते.

“ही जबरदस्ती आहे,” साहेब शैलजाला म्हणाले. “तिकडे तो साब होता, इकडे या वहिनी.”

“तुमचंही ताट वाढलेलं नाही,” शैलजा म्हणाली. “त्या जेवल्याशिवाय मी जेवणार नाही, आणि मी जेवल्याशिवाय तुम्हाला वाढणार कोण?”

“अगं, सगळ्या जिन्यासमोर? मी?”

“त्या दिवशी तिकडून हसले ते,” शैलजा म्हणाली. “तुम्हाला झोप लागत नाही, मला माहितीय. आता ते सिस्टरला हसताहेत. त्यांना ऐकूसुद्धा येत नसेल. तुम्हाला निदान इंदूताईंनी ते हसणं ऐकवलं.”

साहेब आत गेले. मला वाटलं, आता काही खरं नाही. पण ते इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर आले, वरचं बटण लावलं आणि जिना उतरायला लागले. आम्ही दोघी मागे. निरांजनाला मी पदर आडवा धरला होता.

साहेबांनी सिस्टरचं दार ठोठावलं. “सिस्टर, मी सेक्रेटरी बोलतोय. दार उघडा.”

“जा, साहेब,” आतून आवाज. “मी निघतेच आहे बँकेत. माझ्याशी बोलू नका, तुमचंही नाव घेतील.”

“माझं नाव त्यांनी घेऊन झालंय.”

पहिल्या मजल्यावरचं एक दार उघडलं. वरून कुणीतरी कठड्यावरून वाकून बघायला लागलं.

साहेबांनी घसा साफ केला. मग सभेत बोलायचे त्याच मोठ्या आवाजात, सगळ्या जिन्याला ऐकू जाईल असं बोलले. “मलाही असाच फोन आला होता. पार्सलचा. मला सोफ्यावर बसवून ठेवलं होतं. मी माझी ठेव मोडून त्यांना दिली. मी, हसबनीस. कार्यकारी अभियंता.”

“तुम्ही मला फसवताय,” सिस्टर म्हणाल्या. “दार उघडावं म्हणून.”

साहेब थांबले. त्यांनी दाराला कपाळ टेकलं, आणि आता त्यांचा आवाज अगदी खाली आला. पण जिन्यात इतकी शांतता होती, की तो सगळ्यांनी ऐकला.

“सिस्टर, संडासला जाताना मी त्याला विचारून जायचो. हात वर करून. माझ्या स्वतःच्या घरात. तुम्हालाही विचारावं लागतं का?”

जेनीसुद्धा गप्प झाली.

मग कडी वाजली. दार हातभर उघडलं आणि सिस्टर दिसल्या. पांढरी साडी, हातात पर्स, दुसऱ्या हातात मोबाइल.

“हो,” त्या म्हणाल्या.

जेनी त्यांच्या पायांतून आत गेली.

“दरवाज़ा किसने खोला?” मोबाइल ओरडला. “कौन है वहाँ?”

शैलजाने वाकून पाहिलं. “अगोबाई,” ती म्हणाली, “हा तर आपला मंदार!”

सिस्टरला त्यातलं काही कळलं नाही. पण त्यांनी साहेबांकडे पाहिलं, माझ्या तबकाकडे पाहिलं, जिन्यावर जमलेल्या सगळ्यांकडे पाहिलं. मग मोबाइल तोंडासमोर धरला, आणि कालपासून पहिल्यांदाच आम्ही त्यांचा खरा आवाज ऐकला.

“भेटायची वेळ संपली,” त्या म्हणाल्या आणि मोबाइल बंद केला.

शैलजाने तिथेच, तळमजल्यावर, माझ्यासमोर कपाळ पुढे केलं. मी हळद लावली, कुंकू लावलं, साखर दिली. ती तिने तोंडात टाकली. साहेबांनीही हात पुढे केला. नेमात नव्हतं, पण त्यांनाही दिली.

मला वाटलं होतं, आता लोक हसतील. साहेबांनाही तसंच वाटत असणार, ते फळ्यावरच्या त्यांच्याच सूचनेकडे बघत उभे होते. पण कुणी हसलं नाही. पहिल्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या, “आमच्या जावयाचं असंच झालं होतं. आम्ही बाहेर धंद्यात खोट म्हणून सांगितलं.” वरून कुणीतरी म्हणालं, “पार्सलचं नव्हतं, पण नोकरीचं होतं माझं.” जो तो जिन्यावर होता तिथेच बसला आणि बोलू लागला. साहेबांनी सूचना काढली, तिची घडी केली आणि खिशात टाकली. “सिस्टर,” ते म्हणाले, “पोलीस स्टेशनला बरोबर जाऊ. मला एकट्याला जमणार नाही.”

“मी पुढे चालते,” सिस्टर म्हणाल्या. “तुम्ही मागून या.”

तेवढ्यात हे दुसऱ्या मजल्यावरून भराभर उतरत आले. दोन दोन पायऱ्या गाळत. गलका ऐकून आले असणार. गर्दीत काय चाललंय ते त्यांनी ऐकलं. मग माझ्या हातातलं तबक घेतलं, नेहमी घेत नाहीत, आणि आम्ही वर आलो.

मी पानं मांडली. भात वाढला, वरण वाढलं. हे जेवायला सुरुवात करेनात.

“अगं,” ते म्हणाले, “मागे एकदा वीजबिलाचा मेसेज आला होता. आज रात्री वीज तोडणार म्हणून. त्यात एक नंबर होता.”

मी तूप वाढायचं थांबले.

“मी केला फोन. तो सांगेल ते दाबत गेलो.” ते पानाकडे बघत होते. “गाणगापूरचं होतं ना, ते सगळं त्यातच गेलं.”

बाहेर जिन्यात अजून माणसं बोलत होती.

“गुडघे माझे कधीच दुखत नव्हते,” हे म्हणाले.

माझं मौन केव्हाच सुटलं होतं, बोलायला हरकत नव्हती. मी त्यांच्या वरणावर तूप वाढलं, लिंबाची फोड पिळली, आणि मग माझं पान त्यांच्या समोरून उचलून शेजारी मांडलं.